आपल्या दारात किती फुटाला पाणी येतं?

(दृश्य : सकाळ. आयर्विन पुलाचे खांब, पाण्याची उंची दाखवणारे आकडे. नदी खाली, संथ.)

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की एकच विचारतात, "किती फूट?" कुठले फूट, कशाचे फूट, हे सांगावं लागत नाही. ते आयर्विन पुलापाशी मोजलेले, कृष्णेच्या पाण्याचे. ४० फुटाला इशारा पातळी, ४५ फुटाला धोका पातळी, हे इथं शाळेतल्या पोराला पाठ असतं. १९२९ साली हा पूल खुला झाला. गावभागातल्या एखाद्या आजीला विचारा, आपल्या बोळाच्या तोंडाशी पाणी कितीला येतं आणि पायरीला कितीला लागतं, हे ती न अडखळता सांगेल. २००५ साली नदी ५३ फुटांच्या वर गेली. २०१९ साली ५७ च्या वर. २०२१ साली पुन्हा ५४ च्या पुढे.

एवढं फुटाफुटात बोलणारं हे गाव. पण घर बांधायला काढलेल्या माणसाला विचारा, की तुमच्या प्लॉटचा मागचा कोपरा पुढच्या कोपऱ्यापेक्षा किती खाली आहे. बहुतेक जण हातानं हवेत एक उतार काढून दाखवतात.

(दृश्य : जुनं बैठं घर. उंबऱ्यापाशी गुंडाळून ठेवलेली पोती.)

हे आमचं घर. वडिलांनी बांधलं तेव्हा सरकारी मोजणी करून घेतली होती, हद्दीचे दगड रोवले होते, नकाशा जपून ठेवला होता. लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंच-सखलपणाचं माप, मात्र कुणी घेतली नाही. जोतं किती उंच ठेवायचं, ते समोरच्या रस्त्याकडे बघून ठरलं. रस्त्यापासून दीड फूट. पुढं त्या रस्त्यावर खडी-डांबराचे थरावर थर पडत गेले. आता मे महिन्यातल्या वळवालासुद्धा आई उंबऱ्याला पोती लावते. रस्ता आमच्यापेक्षा दोन-तीन बोटं वर आलाय, असं आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो. म्हणूनच ही फिल्म करायला घेतली.

(दृश्य : शामरावनगरच्या बाजूचा मोकळा प्लॉट. काळी माती, भेगा. एका टोकाला बाभळीची झुडपं.)

तीन गुंठ्यांचा प्लॉट. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. हा प्लॉट ३३ फूट रुंद आणि ९९ फूट लांब, रस्त्यापासून मागं सरळ गेलेला. मालक काका-काकू निवृत्तीला आलेले. आयुष्यभराची शिल्लक इथं लावायची आहे. नकाशावर मागच्या बाजूला न्हाणीघर आणि संडास काढलाय, कारण काकूंना तो पुढच्या दारी नको आहे.

भूमी अभिलेख खात्याची मोजणी हद्द दाखवते आणि क्षेत्र दाखवते. जमीन कुठं उंच, कुठं खोल, हे त्या नकाशावर येत नाही, ते त्या मोजणीचं कामच नाही. बांधकामाआधीचा सर्व्हे ही वेगळी गोष्ट. जागेवर उभं असलेलं आणि जमिनीखाली गाडलेलं जे जे काही आहे त्याची जागा, आणि प्रत्येक ठिकाणाची उंची, दोन्ही कागदावर आणायचं.

"काका, ही जागा तुम्हाला कशी दिसते?" सर्व्हेअर ताईनं विचारलं.

"सपाटच की. मागं जराशी उतरती असेल, चार-सहा इंच."

ताई काही बोलली नाही. तिनं तिपाई उघडली.

(दृश्य : ऑटो लेव्हल तिपाईवर बसवताना. बुडबुडा मध्यात येतो. रस्त्यापलीकडे मोरीच्या कठड्यावर हेल्परने धरलेला स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उंच मोजपट्टी.)

लेव्हलच्या दुर्बिणीतून दिसणारी रेघ आडवी असते, पाण्यासारखी समतल. त्या रेघेवर स्टाफचा कुठला आकडा येतो, एवढंच वाचायचं. पण आधी एक पक्की जागा लागते, जी काम संपेपर्यंत हलणार नाही. तिला बेंचमार्क म्हणतात. इथं रस्त्यालगतच्या मोरीचा दगडी कठडा धरला आणि त्याची उंची मानली १००.००० मीटर.

कठड्यावर रीडिंग आलं १.४२५. म्हणजे दुर्बिणीची रेघ १०१.४२५ वर. तोच स्टाफ प्लॉटच्या पुढच्या कोपऱ्यात धरला, रीडिंग १.८३०. वजा केलं, जमीन ९९.५९५. मग मागच्या कोपऱ्यात. रीडिंग २.४७५. जमीन ९८.९५०.

फरक ०.६४५ मीटर. दोन फूट दीड इंच.

काका पुढं आले, वही पाहिली, मग मागं वळून प्लॉटकडे पाहिलं. तीस मीटर लांबीत दोन फूट उतार असला तरी डोळ्याला तो सपाटच दिसतो. आजूबाजूला गवत आणि झुडपं असली की आणखी फसगत होते. गवंड्याची पाणीनळी खोटं बोलत नाही, खोलीच्या चार भिंतींना ती उत्तम. पण अख्खा प्लॉट, रस्ता, मोरी आणि गटार यांना एका सुतात आणायला लेव्हलच लागते.

हेल्पर पोराचा हात बघण्यासारखा होता. स्टाफ जरा पुढं-मागं डोलवायचा, सावकाश. स्टाफ तिरका झाला की रीडिंग वाढतं, अगदी उभा असताना सगळ्यात कमी येतं, आणि ते कमीत कमी रीडिंगच खरं. आणि ताई शक्यतो यंत्रापासून आधीच्या नि नंतरच्या स्टाफचं अंतर सारखं ठेवत होती. दुर्बिणीची रेघ केसभर कलली असली तरी दोन्हीकडे चूक सारखीच होते आणि वजाबाकीत ती निघून जाते. ही शिस्त जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वीचे लोकही असंच करत.

मग प्लॉटवर दर पाच मीटरला एक बिंदू. त्यांवरून समोच्च रेषा निघतात, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा. पाणी त्या रेघांना काटकोनात उतरतं. कागदावर त्या रेघा पडल्या तेव्हा दिसलं, की या प्लॉटवरचं सगळं पाणी मागच्या डाव्या कोपऱ्यात जातं. आणि तिथं बाभळीच्या झुडपांमागं काहीतरी होतं.

(दृश्य : झुडपं बाजूला करत हेल्पर. खाली उथळ, अर्धवट भरलेली चर.)

आमच्याकडे याला ओत म्हणतात. पावसाचं पाणी आपल्या वाटेनं नदीकडे नेणारी नैसर्गिक खोलगट वाट. उन्हाळ्यात ती दिसत नाही, लोक तीत राडारोडा टाकतात, कधी कुणी त्यावर कुंपण घालतं. घराच्या प्लॅनवरही ती नसते.

सांगलीच्या पुराबद्दल बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, की नदीचं पाणी दर वेळी घाटाच्या पायऱ्या चढून समोरून येत नाही. कृष्णा वाढली की नाल्याचं पाणी नदीत शिरत नाही, तुंबतं. मग नदीच नाल्यातून उलटी चढते आणि पाठीमागच्या वस्त्यांत उगवते. शेरीनाल्याकाठच्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. माणूस पुढच्या दारात उभा राहून रस्त्याकडे बघत असतो आणि पाणी परसातून आलेलं असतं. म्हणून ओताच्या तळाची लेव्हल घेणं हे माझ्या मते या सगळ्या कामातलं पहिलं काम आहे, बाकीचं नंतर. ताईनं ओताचे सात छेद घेतले, म्हणजे सात ठिकाणी या काठापासून त्या काठापर्यंतच्या लेव्हल, प्लॉटच्या हद्दीबाहेर वर आणि खाली मिळून साठ मीटरपर्यंत.

त्यानंतर विजेचा खांब, शेजारच्या कुंपणाचा पाया, एक कडुनिंब, बुजवलेल्या बोअरचं तोंड. ही नोंद भरभर झाली. ड्रेनेजच्या मॅनहोलपाशी मात्र सगळे थांबले.

झाकण उचललं. तळ ९८.६२० वर. नकाशात संडास मागं, मॅनहोलपासून सत्तावीस मीटर लांब. चार इंची पाइपला साठाला एक उतार द्यायचा, तर तेवढ्या लांबीत ४५ सेंटिमीटर लागतात. म्हणजे मागच्या बाजूला पाइपचं तोंड ९९.०७० वर हवं. पण मागची जमीनच ९८.९५०. पाइप जमिनीच्या वर बारा सेंटिमीटर उघडा पडणार.

काकू ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे घाण मागंच साठणार?"

"हो काकू. नाहीतर मागची बाजू बरीच उचलावी लागेल."

त्या दुपारी संडास मधल्या बाजूला सरकला. कागदावर, खोडरबरानं. पाया खोदल्यावर हे कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी तिथं उभा राहून बराच वेळ करत होतो.

(दृश्य : मिरज जंक्शनची पिवळी पाटी. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आकडा जवळून.)

मोरीच्या कठड्याला १०० म्हटलं ते या प्लॉटपुरतं. देशाचा शून्य वेगळा. मुंबई, कारवार यांच्यासह नऊ बंदरांवर भरती-ओहोटी मोजून समुद्राची सरासरी पातळी ठरवली गेली आणि १९०९ पर्यंत तिथून लेव्हलच्या रांगा देशाच्या आतपर्यंत नेण्यात आल्या. जुन्या दगडांवर, पुलांवर कोरलेले सर्व्हे ऑफ इंडियाचे बेंचमार्क त्याच शून्यापासून मोजलेले आहेत. रेल्वेच्या पाटीवरची उंचीही समुद्रसपाटीपासूनची. अलमट्टी धरणाची बातमी वाचताना ५१९.६० मीटर आणि ५२४.२५६ मीटर हे आकडे आपण बघतो, तेही तिथूनच. आयर्विनचे फूट मात्र पुलाजवळच्या मोजपट्टीचे, त्यांचा शून्य त्यांचा स्वतःचा. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकात दुसरा सरळ मिसळता येत नाही.

आणि मोबाइलवर दिसणारी उंची? तिच्यावर जोतं ठरवू नका. उपग्रहावरून येणारी मूळ उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या भागात या दोहोंत साठ मीटरांहून जास्त अंतर आहे. मोठ्या जागेला ड्रोन आणि उपग्रहावर चालणारी रोव्हर यंत्रं फार उपयोगी, कोन आणि अंतर एकदम मोजणाऱ्या टोटल स्टेशन यंत्रानं तर वेळ कितीतरी वाचतो. पण उंचीचा शेवटचा शब्द अजूनही लेव्हल आणि स्टाफचाच.

हे सगळं पूररेषेसाठी लागतं. जलसंपदा विभाग नकाशावर दोन रेषा देतो. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. निळी आणि लाल यांच्यामध्ये नियंत्रित क्षेत्र, तिथं बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर वर हवं, असं २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत आहे. आता ही लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून दिलेली. तुमच्या प्लॉटची लेव्हल समुद्रसपाटीला जोडलेली नसेल, तर ४५ सेंटिमीटर कशाच्या वर मोजणार?

(दृश्य : शेजारच्या घराची भिंत. रंगाची आडवी रेघ, '२०१९'.)

शेजारच्या घरावर ही खूण आहे. त्या घरच्या लोकांनी पाणी ओसरल्यावर चिखलाच्या डागावर रंगाने ओढलेली. ताईनं परवानगी घेऊन स्टाफचं खालचं टोक त्या रेघेवर टेकवलं. रीडिंग ०.५३५. म्हणजे २०१९ चं पाणी इथं १००.८९० वर होतं.

प्लॉटच्या पुढच्या कोपऱ्यात तेव्हा सव्वाचार फूट पाणी. मागच्या कोपऱ्यात सहा फुटांच्या वर.

कुणीच काही बोललं नाही. काकांनी मागच्या कोपऱ्यात जाऊन, जिथं स्टाफ धरला होता तिथं उभं राहून, हात डोक्याच्या वर धरून पाहिला.

अशा खुणा पुसू नका, एवढी विनंती या फिल्ममधून करायची आहे. भिंत रंगवताना ती रेघ तेवढी सोडा. नदीच्या पाण्यालाही उतार असतो, त्यामुळं पुलापाशी ५७ फूट म्हणजे तुमच्या बोळात नेमकं कुठं, हे तुमच्या बोळातली खूणच सांगू शकते.

(दृश्य : ट्रॅक्टरची ट्रॉली मुरूम रिकामा करते. रोलर.)

मग भरावाचा हिशोब. ठेकेदारानं नुसतं बघून पंधरा ट्रॉल्या सांगितलं होतं. मागची बाजू पुढच्या कोपऱ्याइतकी वर आणायची, उतार एकसारखा धरायचा, तर दाबून बसलेला मुरूमच पस्तीस ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) घरात जातो. त्यानंतर अख्खा प्लॉट एक फूट उचलायचा म्हटलं की आणखी साडेबत्तीस ब्रास. एका इंचाला पावणेतीन ब्रास. ट्रॉलीत साधारण एक ब्रास धरा आणि पैसे तुम्हीच मोजा. शिवाय काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. तिच्यावर नुसता भराव ओतून चालत नाही. थर घालायचा, पाणी मारायचं, दाबायचा, मग पुढचा थर.

आणि भराव घातला की पाणी नाहीसं होत नाही, ते शेजाऱ्याकडे जातं. समोच्च रेषांचा कागद हातात असल्यामुळं काकांना हे दिसलं. त्यांनी ओताच्या बाजूची सहा फुटांची पट्टी न भरता तशीच ठेवायचं ठरवलं.

(दृश्य : संध्याकाळ. हेल्पर पुन्हा मोरीच्या कठड्यावर स्टाफ धरतो.)

शेवटी फेरी पूर्ण करायची. जिथून निघालो तिथंच परत. कठडा १००.००० होता, आला ९९.९९७. तीन मिलिमीटर. काम चोख. मोरी उद्या रस्तारुंदीत जाईल, म्हणून ताईनं दुसरी खूण शेजारच्या विहिरीच्या दगडी काठावर करून ठेवली. लाल ठिपका, शेजारी आकडा.

परतताना मी तिला आमच्या घरी नेलं. बोळात तिपाई लावली. आधी रस्त्याच्या कडेवर स्टाफ, मग उंबऱ्यावर.

उंबरा ११ सेंटिमीटर ८ मिलिमीटर खाली. आम्ही म्हणत होतो, दोन-तीन बोटं.

आई दारात उभी होती. तिनं वहीतला आकडा मागून घेतला, समजून घेतला आणि विचारलं, "मग पाणी कुणीकडं काढायचं?"

ताईनं तिपाई उचलली आणि घराला वळसा घालून परसाकडे गेली. हेल्पर स्टाफ घेऊन तिच्या मागं.