न जोडलेली तार

श्रोतेहो, नमस्कार.

बँकांमधील नव्या तंत्रज्ञानाविषयी बोलू लागले की आजकाल विषय लगेच कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळतो. मी मात्र आधी आपल्याला थोडे मागे, मुंबईच्या फोर्ट भागातील ब्रॅडी हाऊस या इमारतीत नेणार आहे. तेथील पंजाब नॅशनल बँकेची शाखा एरवी सर्वसामान्यांच्या कानावर यावी अशी नव्हती. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी बँकेने शेअर बाजारांना कळवले की मुंबईतील एका शाखेत सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे फसवे व्यवहार आढळले आहेत, आणि ही शाखा घरोघरी चर्चेचा विषय झाली. पुढे तो आकडा १३,००० कोटींच्या वर गेला.

या बँकेत तंत्रज्ञानाची वानवा नव्हती. सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर ठेवणारी कोअर बँकिंग प्रणाली, म्हणजे बँकेतले लोक जिला सीबीएस म्हणतात ती, तेथे होती. परदेशातील बँकांना अधिकृत संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणाही होती. स्विफ्टमधून पैसा जात नाही, फक्त संदेश जातो. परंतु ‘या व्यापाऱ्याला कर्ज द्या, हमी आमची’ असा संदेश त्या मार्गाने आला की समोरची बँक त्यावर विसंबून पैसे मोकळे करते. उणीव एवढीच होती की या दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. त्यामुळे स्विफ्टवरून कोट्यवधींची हमी परदेशी रवाना होई आणि सीबीएसमध्ये तिची नोंदच पडत नसे. काही वर्षे हे चालले. जुनी हमी फेडायला नवी हमी, असा तो फेरा होता. या हमी पाठवणारा शाखेतील अधिकारी २०१७ मध्ये निवृत्त झाला, नंतर आलेल्या अधिकाऱ्याने हमीसाठी पूर्ण रकमेची ठेव तारण मागितली, आणि ‘आजवर आमच्याकडून असे काही मागितले नव्हते’ या व्यापाऱ्यांच्या उत्तराने बिंग फुटले.

म्हणजे चोरी कोणत्याही संगणकाने पकडली नाही, एका माणसाने नियमाप्रमाणे विचारलेल्या प्रश्नाने ती पकडली गेली. रिझर्व्ह बँकेने नंतर स्पष्ट केले की स्विफ्टच्या गैरवापराच्या शक्यतेबद्दल ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा बँकांना गोपनीय सूचना देण्यात आली होती. या दोन यंत्रणा जोडणे हे काही वैज्ञानिक संशोधन नव्हते. त्यासाठी वरच्या पातळीवर कोणीतरी हा विषय आपला मानून, खर्च मंजूर करून, तारीख ठरवून पाठपुरावा करणे आवश्यक होते. मला विचाराल तर बँकेतील तंत्रज्ञानाचे नेतृत्व म्हणतात ते याच कंटाळवाण्या कामाला; नव्या ॲपच्या उद्घाटनाला फीत कापणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग.

२०१८ च्याच ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर वेगळ्या प्रकारचा घाला पडला. ११ ऑगस्टला दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी. एटीएममधून पैसे मागितले गेले की ‘द्यावेत की नाही’ हे विचारणारा संदेश बँकेच्या प्रणालीकडे येतो. हल्लेखोरांनी त्या वाटेवर स्वतःची बनावट यंत्रणा बसवली, आणि ती प्रत्येक मागणीला परस्पर होकार देत राहिली. अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून अडीच कोटी काढले गेले. सोमवारी स्विफ्टमार्गे आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. म्हणजे शनिवारी घाला पडल्यानंतरही दुसरे दार उघडेच होते.

या अनुभवांची छाया पुढच्या नियमांवर दिसते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये जारी केलेले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले निर्देश व्यापारी बँकांच्या संचालक मंडळाला माहिती तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र समिती नेमायला सांगतात. या समितीचा अध्यक्ष स्वतंत्र संचालक असावा आणि त्याला या क्षेत्रातील किमान सात वर्षांचा अनुभव असावा, अशी अट आहे. त्यातील मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी तरतूद मात्र आकाराने लहान आहे: माहिती सुरक्षेच्या प्रमुखाला व्यवसायवाढीचे कोणतेही उद्दिष्ट देता येणार नाही, आणि तो माहिती तंत्रज्ञान विभागप्रमुखाच्या थेट हाताखाली असणार नाही. मार्चअखेरीला ठेवी आणि कर्जांची टार्गेट पूर्ण करताना बँकेत काय धावपळ असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येऊ. कर्जाचा अर्ज तपासणे, दुसऱ्याच्या पैशाची ने-आण करण्यासाठी भाड्याने दिलेली खाती हुडकणे, अशा कामांत तिचा उपयोग सुरू झाला आहे. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेला दिलेल्या अहवालात सात सूत्रे मांडली असून, या वापराचे धोरण संचालक मंडळाने मंजूर केलेले असावे, अशी शिफारस केली आहे. एखाद्या फळबागायतदाराचा कर्जअर्ज यंत्राने नाकारला आणि त्याने शाखेत येऊन कारण विचारले, तर ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर पुरेसे ठरू नये, यासाठी जबाबदार कोण हे आधीच ठरलेले असावे लागते.

महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांचे जाळे दाट आहे, आणि त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी सायबर सुरक्षेचे चार स्तर आखून दिले. ज्या बँकेच्या डिजिटल सेवा जितक्या अधिक, तितका तिचा स्तर वरचा आणि बंधने अधिक कडक. या बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांना मी अनेकदा बसलो आहे. लाभांश किती टक्के आणि यंदा भेटवस्तू कोणती, यावर तेथे तावातावाने बोलले जाते. आपली बँक चारपैकी कोणत्या स्तरात बसते, हे अध्यक्षांना विचारण्यासाठी कोणी सभासद उभा राहिलेला मी अजून पाहिलेला नाही.