लिहिलेलं आधी कानाला दाखवा

नमस्कार मंडळी. ज्यांच्या वहीत नाहीतर मोबाईलमधे एखादी अर्धवट कथा कधीपासून पडून आहे ना, त्यांच्याशी आज जरा बोलायचंय. आणि एकच गोष्ट सांगायचीय, लिहिलेलं मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नाही, चांगलं आवाज काढून. रेडिओवर बसलोय म्हणून कानाची बाजू घेतोय असं वाटेल तुम्हाला, वाटू दे.

अँथनी ट्रॉलप म्हणून १९व्या शतकातला इंग्रज कादंबरीकार होता, पोस्टात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ ठेवून, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. ४७ कादंबऱ्या लिहिल्या त्याने, त्यातल्या कितीतरी नोकरी सांभाळून. लोक त्या २५० शब्दांचंच कौतुक करतात, पण मला विचाराल तर खरी गंमत पुढेच आहे, की बसल्या बसल्या पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचा आणि शब्द कानाला कसे लागतायत ते तपासायचा. फ्रान्समधला कादंबरीकार फ्लोबेर तर वाक्यं ओरडून म्हणायचा, म्हणताना छातीवर ताण आला की ते वाक्य नापास.

आता याचा सगळ्यात जास्त फायदा कुठे होतो, तर डायलॉगमधे. नवीन लेखकाची पात्रं एकमेकांना माहिती पुरवत बसतात. भाऊ बहिणीला म्हणतो, "तुला माहितीच आहे की आपले बाबा पाच वर्षांपूर्वी गेले आणि तेव्हापासून घर मीच चालवतो." अहो, तिला माहितीये तर सांगतोस कशाला? कागदावर हे खपून जातं, पण तोंडाने म्हणून बघा, तुमचं तुम्हालाच हसू येईल. खरी माणसं मनातलं सरळ बोलतच नाहीत. समजा तिला त्याच्याकडून उसने दिलेले पैसे परत हवेत, तर ती म्हणेल, "फोन नवा घेतलास वाटतं." तो म्हणेल, "ऑफिसने दिलाय." झालं, पैशाचा शब्दही नाही आणि भांडण सुरू. बाबांचं जाणं वगैरे नंतर कुठेतरी येईल ओघात, घाई नको.

वर्णनाचंही तसंच, जिथे वाचता वाचता तुमचाच आवाज सपाट होतो, तुम्ही भराभर उरकायला लागता, तिथे वाचक पान उलटणार हे नक्की. तेवढा भाग कापून बघा, बहुतेक वेळा काही बिघडत नाही. कथेची सुरुवात तर हमखास अशी असते, दोन पानं हवापाणी आणि मग कुणीतरी दार वाजवतं, तर दारापासूनच सुरू करा की.

पण हे सगळं पहिला ड्राफ्ट पूर्ण झाल्यावर हं, प्रत्येक ओळीला थांबून वाचत बसलात तर कथा कधीच संपणार नाही.

अजून एक करता येतं, पण त्याला हिंमत लागते. दुसऱ्या कुणाला तरी तुमची कथा तुमच्यासमोर वाचायला लावा, आधी न दाखवता. तुम्ही फक्त पेन्सिल घेऊन बसायचं, तो जिथे अडखळेल, मागे जाऊन परत वाचेल, तिथे खूण करायची आणि मधे "नाही, मला असं म्हणायचं होतं" हे अजिबात बोलायचं नाही. वाचून झाल्यावर मत पण विचारू नका, ओळखीचा माणूस "छान आहे" असंच म्हणणार, त्यापेक्षा खुणा मोजा.