मुंग्यांच्या शेतातलं तण

नमस्कार श्रोतेहो. परभणी-हिंगोलीकडे सध्या सोयाबीनची खुरपणी चालू आहे. हात चालू ठेवूनच ऐका, कारण आजचा विषयही खुरपणीचाच आहे. फक्त खुरपणारी मुंगी आहे.

ही मुंगी आपल्या बांधावर सापडायची नाही, ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. पानं कापून आणते, चावून लगदा करते, त्यावर बुरशी वाढवते आणि पिल्लांना ती बुरशी चारते. नवी राणी घर सोडताना तोंडातल्या पिशवीत या बुरशीचा कण नेते, माहेरचं विरजण न्यावं तसा.

या पिकाचा वैरी एस्कोव्होप्सिस. तीही बुरशीच. ती पानांचा लगदा खात नाही, उभं पीकच खाते. पुन्हा सांगतो, पीकच खाते. मुंग्या तिचे बीजाणू तोंडाने वेचतात. लागण झालेला तुकडा हलवून हलवून उपटतात आणि उकिरड्यावर नेऊन टाकतात.

खरी गंमत पुढेच आहे. अ‍ॅक्रोमर्मेक्स जातीच्या मुंगीच्या अंगावर पांढरी पूड दिसते. वर्षानुवर्षं अभ्यासक म्हणायचे, मेण असेल. कॅनडाच्या कॅमेरॉन करी या तरुण संशोधकाने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मेण कसलं! जिवंत जिवाणू निघाले. आणि प्रयोगात त्यांनी एस्कोव्होप्सिसची वाढ रोखून धरली. 1999 साली हे छापून आलं. म्हणजे मुंगी औषधाचा कारखानाच अंगावर घेऊन फिरते, आणि कातडीतल्या ग्रंथींतून त्याला खाऊही घालते. पहिल्या पावसात मातीला वास सुटतो ना, तो देणाऱ्या जिवाणूंचे हे भाऊबंद. तो वास आता अत्तराच्या बाटलीतही मिळतो म्हणे. पण मृगाची सर पडल्यावर काळ्या रानाला जो येतो, त्याची सर कुठल्या बाटलीला?

असो, वेळ थोडा उरला. धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, पिकवणाऱ्यांनी नीट ऐका. तुमच्या पिशव्यांवर येणारी हिरवी बुरशी, ट्रायकोडर्मा, ही एस्कोव्होप्सिसच्याच कुळातली. पिशवीत भरायचं काड आधी 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकता कामा नये. हिरवा डाग दिसला तर खरवडू नका, तंतू डागाच्या पुढे गेलेले असतात आणि बीजाणू खोलीभर उडतात. पिशवी न उघडता लांब नेऊन पुरा. आधी निरोगी पिशव्यांचं काम, मग आजारी. आधी निरोगी!

आणि हरभऱ्याच्या बियाण्याला मर रोगासाठी किलोला 5 ग्रॅम चोळता, ती पुडी याच ट्रायकोडर्माची. ती अळिंबीच्या खोलीत ठेवू नका, आणि ज्या हाताने चोळली तो साबणाने धुतल्याशिवाय पिशवीला लावू नका.