एका वेळी एकच इंद्रिय

नमस्कार मंडळी.

डिसेंबरात आपल्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन अमरावती, यवतमाळ, वर्ध्याकडच्या गावी जातात. कापसाची वेचणी चालू असते, आंबिया बहाराची संत्री आलेली असतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पंचेंद्रियं शिकवायला लागणारं सगळं सामान तेव्हा घराच्या अंगणातच सापडतं. 'नाकानं वास घेतो, कानानं ऐकतो' हे मूल पाठ म्हणेल, पण त्यानं शिकत काहीच नाही. बाकीच्या वाटा बंद करून एकाच इंद्रियानं वस्तू ओळखू द्यायची, सगळी मेख तिथं आहे.

स्पर्शापासून सुरुवात करा. डोळ्यांवर पट्टी नको, लहान मुलं घाबरतात आणि खेळ तिथंच संपतो. जाड कापडाची पिशवी घ्या. तिच्यात वेचलेला कापूस, तुराटीचा (तुरीच्या वाळलेल्या काडीचा) वीतभर तुकडा, नदीतला गुळगुळीत गोटा आणि संत्रं, एवढंच. कापसाचं सुकलेलं बोंड घालू नका, त्याची टोकं टोचतात. याच चार वस्तू बाहेरही मांडा. मुलानं बाहेरचीला हात लावायचा आणि तिची जोडी पिशवीतून न बघता काढायची. नाव विचारू नका. गावापासून दूर वाढलेल्या मुलाला 'तुराटी' ठाऊक नसते, मग स्पर्शाऐवजी मराठीचीच परीक्षा होते.

चवीच्या खेळात गोंधळ जास्त होतो. २०० मिली पाण्याचे चार पेले घ्या: एकात २ चमचे साखर, एकात पाव चमचा मीठ, एकात चमचाभर लिंबाचा रस, चौथ्यात रात्रभर भिजवलेले चमचाभर मेथीदाणे. मेथीदाणे गाळून काढा. प्रत्येक मुलाला वेगळा चमचा, मध्ये साध्या पाण्याची चूळ. कडू शेवटी द्यायचं, कारण ते जिभेवर रेंगाळतं. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा नकाशा पुस्तकांत अजून दिसतो. तो चूक आहे. सगळ्या चवी जिभेच्या सगळ्याच भागांत कळतात. आणि तिखट ही चव नव्हे, ती आग आहे. सावजीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पटणं कठीण, पण मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता आणि वेदना जाणवणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं. म्हणून भिवापुरी मिरची या खेळात नको, वासाच्या खेळात तर नकोच.

पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला नाक चिमटीत धरून, बी काढलेली संत्र्याची फोड चावायला सांगा. आधी नुसतं आंबट-गोड लागतं. नाक सोडलं की 'संत्रं' कळतं. चवीतला मोठा वाटा नाकाचा असतो, हे त्याला तिथंच उमगतं. वासासाठी संत्र्याचं साल, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि ठेचलेलं आलं पुरे. नाक लवकर सरावतं, त्यामुळे एका बैठकीत तीनच वास. सर्दी असेल तर खेळ पुढे ढकला.

आवाजासाठी सारखे, अपारदर्शक सहा डबे घ्या. दोनांत ज्वारी, दोनांत चिंचोके, दोनांत वाळू. जोडीत माप सारखं हवं आणि डबा तिसरा हिस्साच भरा. गच्च भरला तर वाजत नाही. पारदर्शक बाटल्या घेतल्या तर मुलं डोळ्यांनीच जोड्या लावतात. झाकणाला चिकटपट्टी लावा, कारण चिंचोका नाकात जायला वेळ लागत नाही. नियम नीट समजलेलं मूलही पुन्हापुन्हा चुकत असेल तर रागावू नका. सर्दीनंतर या वयात कधीकधी कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येतं आणि मूल तसं सांगत नाही. कानाच्या डॉक्टरांना दाखवा.