दोन नॉट कमी पडले: म्युनिक, १९५८

नमस्कार. विमान धावपट्टीवर पूर्ण शक्तीने धावत असताना वेगमापकाचा काटा चढायचे सोडून उतरू लागला, तर कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाच्या हातात काय उरते? ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या रीम विमानतळावर हेच घडले.

बेलग्रेडहून मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉल संघ घेऊन परतणारे ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे ॲम्बॅसॅडर विमान इंधनासाठी तेथे उतरले होते. इंजिनांचा दाब वरखाली होऊ लागल्याने दोन प्रयत्न सोडून द्यावे लागले. तिसऱ्या वेळी काटा ११७ नॉटवर पोहोचला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). या वेगानंतर विमान थांबवणे सुरक्षित नव्हते आणि उड्डाणासाठी ११९ नॉट हवे होते. मग काटा ११२ वर आला, नंतर १०५ वर. विमान कुंपण तोडून एका घरावर आदळले. विमानात ४४ जण होते, त्यांपैकी २३ जण दगावले.

जर्मन चौकशीने पंखांवरच्या बर्फाला, म्हणजे पर्यायाने विमानाचे कॅप्टन जेम्स थेन यांना, जबाबदार धरले. पण पंखांची तपासणी अपघातानंतर काही तासांनी झाली होती आणि दरम्यान हिमवर्षाव चालूच होता, ही बाब मला तरी दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही.

खरा अडथळा चाकांखाली होता. बर्फाचा गोळा खाऊन झाल्यावर ग्लासाच्या तळाशी जो पाणीदार भुगा उरतो, तसा थर धावपट्टीवर साचला होता. इंग्रजीत त्याला ‘स्लश’ म्हणतात. पावसाळ्यात घोटाभर पाण्यातून सायकल चालवणाऱ्याला पायडल का जड होते हे ठाऊक असते, परंतु विमानाच्या बाबतीत हा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. शिवाय बहुतेक विमाने आधीच हवेत झेपावत असल्यामुळे धावपट्टीच्या शेवटच्या टप्प्यातील थर चाकांनी फारसा विसकटलेलाच नव्हता. जेथे वेग सर्वाधिक हवा होता, तेथेच हा थर अखंड पसरलेला होता.

दरम्यान थेन यांची नोकरी गेली. ब्रिटिश चौकशीने त्यांना निर्दोष ठरवले ते थेट १९६९ मध्ये. त्यानंतर सहा वर्षांनी त्यांचे निधन झाले.