फिलिपीच्या टेकडीवरची पीए डिग्री

(दृश्य: छप्पर असलेला लाकडी पूल, त्यातून जाणाऱ्या गाड्या)

हे फिलिपी. अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया राज्य, बार्बर काउंटी, वस्ती जेमतेम तीन हजार, आपल्याकडं एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते आणि इथं हे काउंटीचं मुख्य ठिकाण आहे. समोर दिसतोय तो पूल 1852 चा, खाली टायगार्ट व्हॅली नदी, आणि आजही यू. एस. 250 हा हायवे याच्या आतूनच जातो, 1989 ला आग लागून बराचसा जळला होता तो परत बांधून काढला. 3 जून 1861 ला इथं अमेरिकन यादवी युद्धातली अगदी सुरुवातीची चकमक झाली, त्यात जेम्स हँगर नावाच्या 18 वर्षांच्या पोराचा पाय तोफगोळ्यानं गेला, तो कापावा लागला, आणि घरी गेल्यावर त्यानं पिंपाच्या लाकडी फळ्यांपासून स्वतःसाठी पाय बनवला. त्याच्या नावाची कृत्रिम हातपाय बनवणारी कंपनी आजही चालू आहे. म्हणजे वैद्यकीय इतिहासात या गावाचं नाव तसंही लागलेलंच होतं.

पण आपण आलोय ते टेकडीवर, ख्रिस्ती कॉलेजांत फिजिशियन असिस्टंट कसे घडतात ते बघायला. ॲल्डरसन ब्रॉडस.

(दृश्य: टेकडीवरच्या कॉलेजच्या इमारती, रिकामं पार्किंग)

बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं कॉलेज. 1871 ला एका बॅप्टिस्ट पाद्र्यानं व्हर्जिनियातल्या विंचेस्टरमध्ये मुलींची शाळा म्हणून सुरू केलं, मग ते फिरत फिरत 1909 मध्ये फिलिपीला आलं, 1932 ला ॲल्डरसनचं ज्युनियर कॉलेज त्यात मिसळलं आणि असं जोडनाव पडलं. छोटं कॉलेज, चर्चच्या आधारानं उभं राहिलेलं. आणि याच कॉलेजनं 1968 मध्ये एक गोष्ट केली जी तोवर अमेरिकेत कुणी केली नव्हती: फिजिशियन असिस्टंटची चार वर्षांची पूर्ण बॅचलर डिग्री.

फिजिशियन असिस्टंट म्हणजे पीए. कंपाउंडर नाही, नर्स नाही आणि डॉक्टरही नाही. पेशंटची हिस्टरी घेणं, तपासणं, टेस्ट सांगणं, निदान करणं, औषध लिहून देणं, ऑपरेशनमध्ये सर्जनसोबत उभं राहणं, हे सगळं तो करतो, पण डॉक्टरच्या टीममध्ये राहून. आज अमेरिकेत असे दीड लाखाच्या वर लोक आहेत आणि सगळ्या पन्नास राज्यांत ते प्रिस्क्रिप्शन लिहू शकतात.

सुरुवातीचं श्रेय जातं ड्यूक विद्यापीठाच्या डॉ. युजीन स्टेड यांना. 1965 मध्ये त्यांनी नेव्हीतून आलेल्या चार कोअरमनना, म्हणजे युद्धात जखमी सैनिकांवर उपचार केलेल्या पोरांना, दोन वर्षांचं ट्रेनिंग द्यायला घेतलं. 1967 च्या ऑक्टोबरला त्यातले तिघं पास होऊन बाहेर पडले. हिशोब सोपा होता: हात तयार आहेत, अनुभव आहे, फक्त अभ्यास घालायचा.

फिलिपीत मात्र असे कोअरमन रांगेनं उभे नव्हते. गावात डॉ. ह्यू मायर्स होते, त्यांचं क्लिनिक होतं, आणि आजूबाजूला डोंगर, कोळशाच्या खाणी, लांब लांब विखुरलेल्या वस्त्या. शहरात शिकलेला डॉक्टर इकडं येईना, आला तर टिकेना. हे दुखणं आपल्याला वेगळं समजवायला नको, गडचिरोली किंवा धडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची रिकामी खुर्ची ज्यानं पाहिली त्याला ते माहितीच आहे. मायर्स यांनी वाट धरली ती वेगळी. बारावी झालेली पोरं घ्यायची, चार वर्षं कॉलेजमध्ये ठेवायची, केमिस्ट्री-बायोलॉजीसोबत इंग्लिश, इतिहास, धर्म असं सगळं शिकवायचं, आणि त्याच चार वर्षांत हॉस्पिटलचं कामही हाताखालून घालायचं. या वाटेनं खाण कामगाराची पोरगीसुद्धा येऊ शकत होती, कारण तिला ना युद्धाचा अनुभव लागत होता ना आधीची एखादी डिग्री.

(दृश्य: जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो, खाण कामगार)

ते वर्षही बघा. 20 नोव्हेंबर 1968 ला याच राज्यात, इथून तासाभराच्या अंतरावर, फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट झाला आणि 78 कामगार गेले. पुढच्याच वर्षी खाण कामगारांनी ब्लॅक लंगसाठी, म्हणजे कोळशाच्या धुळीनं निकामी होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराच्या भरपाईसाठी, राज्यभर काम बंद पाडलं, आणि वर्षअखेरीला खाण सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला. अशा मुलखात पीए शिकवायचा म्हणजे त्यानं छातीला स्टेथोस्कोप लावायच्या आधी विचारायचं, काका, खाणीत किती वर्षं काढली?

पहिली बॅच 1972 ला डिग्री घेऊन बाहेर पडली. आता गंमत अशी की त्यांच्यासाठी देशपातळीवर परीक्षाच नव्हती, ती 1973 मध्ये पहिल्यांदा झाली. पोरं तयार झाली आणि परीक्षा नंतर आली! आईवडिलांनी कशाच्या भरवशावर पोरांना पाठवलं असेल याचा विचार केला तर मला वाटतं तो भरवसा कोर्सवर कमी आणि टेकडीवरच्या कॉलेजवर आणि गावातल्या डॉक्टरवर जास्त असणार.

(दृश्य: आजच्या काळातली एखादी स्किल्स लॅब)

आज हे शिक्षण कसं चालतं ते जरा जवळून बघू, कारण ख्रिस्ती विद्यापीठ असो की सरकारी, मूळ सांगाडा एकच आहे. बहुतेक ठिकाणी साधारण 27 महिने. पहिलं वर्षभर वर्गात, ॲनॅटॉमी, फार्माकॉलॉजी, क्लिनिकल मेडिसिन, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, आणि परीक्षा जवळजवळ दर आठवड्याला. मुलं सांगतात की डोक्यात भरायचं नसतं, डोक्यावरून पाणी जात असताना तरंगायचं असतं.

मग येते ऑस्की, म्हणजे पेशंट तपासून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा. दाराबाहेर एक कागद: वय 58, छातीत दुखतंय. वेळ पंधरा मिनिटं. आत कागद अंथरलेल्या टेबलावर एक बाई बसलेली, ती खरी पेशंट नाही, पेशंटची भूमिका करायला तयार केलेली आहे, आणि कोपऱ्यात कॅमेरा. आत शिरल्या शिरल्या हात धुवायचे, नाव सांगायचं, मी डॉक्टर नाही, पीए स्टुडंट आहे हे स्पष्ट सांगायचं. मग प्रश्न. घाबरलेला विद्यार्थी विचारतो, "दुखणं डाव्या हातात जातं का?" आणि तिथंच मार्क जातो, कारण उत्तर त्यानंच पेशंटच्या तोंडात घातलं. विचारायचं असतं, "दुखणं आणखी कुठं जातं का?" एवढाच फरक. नंतर स्टेथोस्कोप गाऊनवरूनच लावला, परत मार्क गेला, तो अंगालाच लागला पाहिजे. आणि शेवटी त्या बाईला विचारलं जातं, याच्याकडं तुम्ही परत याल का? हा प्रश्न मला सगळ्यात आवडला.

दुसरं वर्ष रोटेशनचं. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, सर्जरी, इमर्जन्सी, लहान मुलं, स्त्रियांचे आजार, मानसिक आरोग्य, एकेका ठिकाणी चार ते सहा आठवडे. शेवटी पॅन्स ही परीक्षा, 300 प्रश्न, साठ साठचे पाच भाग, प्रत्येकाला एक तास. ती पास झाल्याशिवाय लायसन्स नाही, मग तुम्ही बॅप्टिस्ट कॉलेजातून आलेले असा की सरकारी विद्यापीठातून.

तर मग यात ख्रिस्ती काय?

(दृश्य: चॅपलचा आतला भाग, पांढरे कोट घातलेले विद्यार्थी)

काही गोष्टी डोळ्यांना दिसणाऱ्या. बऱ्याच ख्रिस्ती विद्यापीठांत क्लिनिकल वर्षाच्या आधी हातांना आशीर्वाद देण्याचा एक कार्यक्रम असतो. विद्यार्थी एकेक करून पुढं येतो, तळवे वर करतो, प्राध्यापक किंवा पाद्री तळव्याला तेलाचं बोट लावतात, दोन वाक्यांची प्रार्थना, आणि पुढचा. त्याच तळव्यांनी दोन आठवड्यांनी कुणाच्या तरी पोटावर दाबून बघायचंय की यकृत हाताला लागतंय का. मला धार्मिक कार्यक्रमांचं फारसं कौतुक नाही, पण हा कार्यक्रम पोरांना चांगलाच हलवून जातो हे खरं.

कॅलिफोर्नियातलं लोमा लिंडा विद्यापीठ घ्या, ते सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट चर्चचं. तिथं शनिवार शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पीएच्या विद्यार्थ्यांनाही धर्माचे क्रेडिट, आणि आवारात बायबलच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याचा पुतळा, रस्त्यात पडलेल्या जखमी परक्या माणसाला उचलणारा. याच चर्चचं पुण्यात औंधला स्पायसर विद्यापीठ आहे आणि सॅलिसबरी पार्कात हॉस्पिटल आहे, त्यामुळं पुणेकरांना हे लोक अगदीच अनोळखी नाहीत.

आता जो प्रश्न कॉमेंटमध्ये येणारच तो आत्ताच घेऊ. हे पेशंटला धर्म शिकवतात का, धर्मांतराचं काय? शिकवलं जातं ते उलटं आहे. पेशंटची श्रद्धा समजून घ्यायची एक ठरलेली प्रश्नावली आहे, फायका नावाची, 1996 च्या सुमारास डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी तयार केलेली, आणि ती ख्रिस्ती नसलेल्या मेडिकल स्कूलमध्येही शिकवतात. तुमची कशावर श्रद्धा आहे का, आजारपणात तिचा उपयोग होतो का, तुमच्या मागं कुणी समाज आहे का, आणि उपचार करताना आम्ही काय लक्षात ठेवावं. चारच गोष्टी. विचारायचं आणि ऐकायचं, सांगायचं काही नाही. डोंगरातली आजी म्हणते शुगर वाढली ती देवाची मर्जी, तर तिच्याशी वाद घालून इन्सुलिन सुरू होत नाही, तिच्या चर्चमधल्या मैत्रिणीला सोबत घेऊन होतं.

अर्थात सगळं इतकं गोड नाही. गर्भपात, गर्भनिरोधक, समलिंगी पेशंट, या विषयांवर चर्चची भूमिका आणि ओपीडीतली गरज एकमेकांना भिडतात. स्त्रियांच्या आरोग्याचं ट्रेनिंग कुणालाच चुकत नाही, मान्यता देणारी संस्था सगळ्यांना एकच नियम लावते. पण वर्गात त्यावर किती मोकळेपणानं बोलू देतात हे कॉलेजागणिक बदलतं, आणि माझं मत विचाराल तर ॲडमिशन घेण्याआधी मुलांनी फीच्या जोडीला हेही विचारून घ्यावं.

मिशनच्या लोकांनी स्थानिक पोरांना हाताशी धरून वैद्यकी शिकवायची ही पद्धत आपल्याकडंही आली होती. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये हॉस्पिटल उभं केलं आणि तीन वर्षांत, 1897 ला, मेडिकल असिस्टंट तयार करायची शाळाही काढली, कारण एकटा सर्जन दक्षिण महाराष्ट्राला पुरणार नव्हता. पीए या नावानं कोर्स मात्र भारतात 1992 मध्ये सुरू झाला, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये, डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकारानं, आणि 2021 च्या कायद्यात या पदाला जागा मिळाली. पण आपल्याकडचे बरेचसे पीए मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉस्पिटलांत आहेत, हार्ट सर्जनच्या बाजूला.

(दृश्य: परत फिलिपी, टेकडीकडं जाणारा रस्ता)

आणि फिलिपीचं काय झालं? 31 जुलै 2023 ला राज्याच्या उच्च शिक्षण आयोगानं ॲल्डरसन ब्रॉडसचा डिग्री देण्याचा अधिकार काढून घेतला. कॉलेज कर्जात, गावाचं पाण्या-विजेचं बिलच सात लाख डॉलरच्या वर थकलेलं, गावानं कनेक्शन तोडायची नोटीस दिलेली. नवीन वर्ष तोंडावर आलेलं आणि सहाशेच्या आसपास मुलं दुसरं कॉलेज शोधत फिरत होती, राज्यातल्या बाकी कॉलेजांनी त्यांना सामावून घ्यायची तयारी दाखवली. ऑगस्टच्या अखेरीला दिवाळखोरीचा अर्ज गेला. दीडशे वर्षांचं कॉलेज महिनाभरात संपलं.

कॉलेज बुडालं ते पीए कोर्समुळं असं मी म्हणणार नाही, छोटी खासगी कॉलेजं अमेरिकेत पटापट बंद पडतायत, विद्यार्थी कमी आणि खर्च जास्त. पण मायर्सनी मांडलेली चार वर्षांची वाट त्याच्याही आधीच बंद झाली होती. 2020 नंतर प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक पीए विद्यार्थ्याला पदव्युत्तर डिग्रीच द्यायची असा नियम आला. म्हणजे आधी चार वर्षांचं कॉलेज, मग हजारो तासांचा पेशंटसोबतचा अनुभव, तो बरेच कोर्स मागतात, आणि मग मास्टर्स, तेही बहुतेकांना कर्ज काढून. अभ्यास वाढलाय हे खरं, तो वाढायला हवा होता हेही खरं. पण 18 वर्षांच्या डोंगरातल्या पोरीला थेट आत घेणारं ते दार आता तिच्यासाठी कितीतरी वर्षं लांब गेलंय, आणि कर्ज घेऊन बाहेर पडलेली मुलगी जास्त पगाराच्या शहरी स्पेशालिटीकडं वळली तर तिला काय म्हणून दोष द्यायचा?

यावर सरकारचा एक उपाय आहे, नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर. डॉक्टर कमी असलेल्या भागात दोन वर्षं काम करा, कर्जाचा मोठा हिस्सा सरकार फेडतं. आणि 1977 च्या कायद्यापासून ग्रामीण क्लिनिकमध्ये पीएनं तपासलं तरी मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः वयस्कांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे मिळतात, त्यामुळं छोट्या क्लिनिकला पीए ठेवणं परवडतं. ख्रिस्ती विद्यापीठं यात स्वतःची भर घालतात ती रोटेशनमधून, मोफत क्लिनिकं, मिशन हॉस्पिटलं, दूरची गावं. अडचण एकाच ठिकाणी येते. विद्यार्थ्याला गावात पाठवायचं तर तिथं त्याला शिकवायला तयार असलेला डॉक्टर किंवा पीए लागतो, त्याच्याकडं आधीच पेशंटची रांग असते, शिकवण्याचे वेगळे पैसे बऱ्याचदा मिळत नाहीत, आणि एकेका क्लिनिककडं तीन-तीन कॉलेजं जागा मागत असतात.