आधी मोजपट्टी, मग कॅमेरा

नमस्कार, श्रोतेहो.

घरासाठी कॅमेरे घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती मेगापिक्सेलचा घ्यावा?" प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा आहे. त्याआधी कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. आत शिरायच्या जागा लिहून काढा: मुख्य दार, मागचं दार, हात पोचेल अशी खिडकी, गच्चीचं दार. प्रत्येकीसमोर लिहा, इथे मला काय हवंय? कोणी आलं एवढं कळलं तरी पुरे, की आलेल्याचा चेहरा दिसायला हवा, की दार हलताच आवाज व्हायला हवा? ही तीन निरनिराळी कामं आहेत आणि एकच उपकरण तिन्ही नीट करत नाही.

कॅमेरा कुणाला अडवत नाही. अडवतात दार, कडी आणि कुलूप. बोंब मारतो अलार्म. कॅमेरा नुसता साक्षीदार. म्हणून पैसा मोजकाच असेल तर आधी ढिल्या चौकटीचं मागचं दार पक्कं करा, मग अलार्म घ्या, मग कॅमेरा. विकणारे बहुधा हा क्रम उलटा सांगतात.

आता ती मोजपट्टी. हे आकडे लिहून घ्या. अनोळखी माणसाचा चेहरा पटवायचा तर चित्रात दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. आधी पाहिलेला माणूस ओळखायला १२५ पुरतात. नुसतं कोणीतरी आहे हे कळायला २५. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. १९२० ला २५० ने भागा, उत्तर साडेसातपेक्षा थोडं जास्त. म्हणजे चित्रात साडेसात-पावणेआठ मीटरपेक्षा रुंद दृश्य आलं की चेहरा हातचा गेला. सर्रास मिळणारी २.८ मिलिमीटरची लेन्स शंभरेक अंश बघते. तिच्यात एवढी रुंदी कॅमेऱ्यापासून सव्वातीन मीटरवरच भरते. त्यापलीकडचा माणूस दिसेल, पण कोण ते सांगता येणार नाही.

मग चार मेगापिक्सेल घेतला तर? चित्र २५६० पिक्सेलचं होतं आणि मर्यादा सव्वातीनवरून सव्वाचार मीटरवर जाते. मेगापिक्सेल दुप्पट, फायदा एका मीटरचा! त्याऐवजी दोन मेगापिक्सेललाच ६ मिलिमीटरची लेन्स लावली, तर ती पन्नासेक अंशच बघते, पण चेहरा आठ मीटरपर्यंत देते. सेन्सरच्या आकाराप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, हिशोब मात्र हाच. म्हणून दारापाशी एक अरुंद नजरेचा कॅमेरा आणि अंगणाला एक रुंद नजरेचा, ही जोडी एका महागड्या कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी पडते. दाराजवळचा अडीच मीटर उंचीवर बसवा. पाच मीटरवर टांगलात तर वर्षभर टोप्या आणि टकलं बघत बसाल.

खरी परीक्षा रात्री. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे शेजारच्या भिंतीवर किंवा छज्जाच्या कडेवर पडले, की तेवढा भाग पांढराफटक होतो आणि बाकी सगळं काळं दिसतं. कॅमेरा थोडा पुढे घेतला की हे जातं. कोळ्याचं जाळं तर या दिव्यांत झगझगतं, आणि वाऱ्याने हललं की फोनवर रात्रभर सूचना येत राहतात. दुसरी गोम अशी की अंधारात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. उभा माणूस स्वच्छ दिसतो, चालणारा पुसट होतो. म्हणून घेण्याआधी कुणाला तरी अंधारात नेहमीच्या चालीने कॅमेऱ्यासमोरून जायला सांगा, मग रेकॉर्डिंग थांबवून चेहरा बघा. चालू चित्र बघून भुलू नका. दाराच्या मागून ऊन येत असेल तर डब्ल्यूडीआर, म्हणजे उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात सांभाळायची सोय, असलेलाच घ्या, नाहीतर दिवसा चेहऱ्याच्या जागी काळी सावली मिळेल.

वायर ओढणं शक्य असेल तर वायरचाच कॅमेरा घ्या. पीओई पद्धतीत एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात, १०० मीटरपर्यंत. केबल मात्र शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेत लांब अंतरावर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी होतो. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत याचं ठरलेलं लक्षण म्हणजे दिवसभर सुरळीत चालणारा कॅमेरा अंधार पडताच बंद-चालू होऊ लागतो. इन्फ्रारेड दिवे लागले की तो जास्त वीज ओढतो आणि ती शेवटपर्यंत पोचत नाही. लोक कॅमेरा बदलतात, दोष तारेत असतो. बॅटरीवरचे वाय-फाय कॅमेरे भाड्याच्या घरात सोयीचे, पण ते झोपलेले असतात. हालचाल जाणवून जागे होईपर्यंत पहिला क्षण निसटतो आणि कधी कधी हाती लागते ती पाठ.

साठवणुकीचा हिशोब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच-२६५ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीने सेकंदाला २ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला सुमारे २२ जीबी होतात. चार कॅमेरे, १ टीबीची डिस्क: साधारण साडेअकरा दिवस. तुम्ही तीन आठवडे घराबाहेर राहत असाल तर २ टीबी घ्या. डिस्क सतत लिहिण्यासाठी बनवलेली असावी. मेमरी कार्डही तसंच, कारण साधं कार्ड झिजतं आणि बहुधा गुपचूप मरतं. ही डिस्क ज्या डब्यात बसते तो रेकॉर्डर मात्र टीव्हीखाली ठेवू नका. चोर कॅमेरा सोडतो आणि डबा उचलतो.

अलार्मकडे लोक घाईने बघतात, म्हणून इथे जरा थांबू. दारा-खिडक्यांना चुंबकी सेन्सर लावतात: एक भाग चौकटीवर, चुंबक झडपेवर, मधली फट कंपनीने दिलेल्या मर्यादेत. जुनं लाकूड फुगलं किंवा बिजागरी खाली बसली की ही फट वाढते आणि वाऱ्याच्या झुळकेनेही सायरन वाजतो. खोलीतला पीआयआर सेन्सर उष्णतेची हालचाल ओळखतो. समोरून आडव्या जाणाऱ्याला तो चटकन पकडतो, सरळ अंगावर येणाऱ्याला उशिरा. म्हणून तो कोपऱ्यात, दोन-सव्वादोन मीटरवर, अशा कोनात लावा की येणारा त्याला आडवा जाईल. ऊन येणारी खिडकी, हीटर किंवा एसीचा झोत त्याच्यासमोर नको. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही. खोलीचं तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोचलं तर माणूसही त्याला नीट दिसत नाही. तिथे मायक्रोवेव्ह लहरींची जोड असलेला दुहेरी सेन्सर घ्यावा. जनावर पाळलेलं असेल तर किती किलोपर्यंतचं चालतं ते खोक्यावर बघा, आणि मांजर कपाटावर चढतं हेही विसरू नका.

सगळे सेन्सर ज्याला जोडतात त्या अलार्मच्या पॅनेलमध्ये मुख्य दाराला ३० सेकंदांची मुभा ठेवा, आत येऊन कोड दाबण्यापुरती. खिडक्यांना मुभा नको, तिथे लगेच वाजलं पाहिजे. वायर कापली किंवा सेन्सरचं झाकण उघडलं तरीही वाजलं पाहिजे. ही सोय नसलेला पॅनेल घेऊच नका. 'घरात आहे' आणि 'बाहेर आहे' अशा दोन अवस्था लागतात, नाहीतर रात्री पाणी प्यायला उठलेला माणूसच पकडला जातो. महिन्यातून तीनदा खोटा अलार्म झाला की घरचे तो बंद करून ठेवतात, शेजारी कान बंद करतात. संवेदनशीलता वाढवण्यापेक्षा जागा बदलून बघा.

वीज गेली तर? चार कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मिळून ५० वॉट धरा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर ८४ वॉट-तास असतात, हाती त्याच्या अर्ध्याहून थोडे जास्त लागतात. म्हणजे तासभर. पॅनेलची बॅटरी वेगळी हवी आणि त्यात सिमकार्ड असावं, कारण इंटरनेटची तार बहुतेक घरांत भिंतीवरून उघडीच जाते.

पासवर्डबद्दल एकच दाखला पुरे. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातले पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळं बंद पाडली. मालकांना पत्ताही नव्हता. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, कॅमेरे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, आणि सॉफ्टवेअरचे अद्ययावत भाग किती वर्षं मिळणार हे कंपनीला विचारा. ऑनव्हिफ मानक पाळणारे कॅमेरे घेतलेत तर पुढे रेकॉर्डर दुसऱ्या कंपनीचाही चालतो. शेजाऱ्यांची खिडकी चित्रात येत असेल तर तेवढा भाग झाकायची सोय सेटिंगमध्ये बहुधा असते, ती वापरा.

काम संपवून बसवणारा हत्यारं गोळा करू लागला की त्याला थांबवा. अ‍ॅपचं मुख्य खातं तुमच्या नावावर आहे ना? पॅनेलचा तंत्रज्ञ-कोड बदललाय ना? रेकॉर्डरचं घड्याळ तुमच्या घड्याळाशी जुळतंय ना? मग घरातल्या प्रत्येक सेन्सरसमोरून एकेक फेरी मारा, आणि शेवटी त्याच्यादेखत दहा मिनिटांपूर्वीची एक क्लिप पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या संगणकावर चालवून बघा. ती उघडली नाही, तर काम अजून पूर्ण झालेलं नाही.